राक्षस कोण होणार?

सकाळी ६:४५

कालची तालीम मी आज सकाळी ऐकते. हॉलच्या खिडकीत फोन ठेवून रेकॉर्ड केलेली असते. त्यात पंख्याची खरखर असते, पत्र्यावरचा पाऊस असतो, कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडल्याचा खणखणाट असतो, आणि या सगळ्यातून अधूनमधून नाटक असतं. तेवढं नाटक वेचून वहीत उतरवायचं, हे माझं पहिल्या चहाबरोबरचं काम.

आमच्याकडे संहिता आधी आणि तालीम नंतर असं नसतं. ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे, डोंगराच्या उतारावर ज्या वस्त्या आहेत, तिथली चौदा ते बावीस वयाची मुलंमुली महापालिकेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी जमतात. एक प्रसंग ठरवतात, उभं राहून करून बघतात, पुन्हा करतात, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला जे टिकलेलं असतं ते वहीत जातं. उतरवताना माझा हात शुद्ध मराठीकडे वळू बघतो. ‘कुठे निघालास?’ असं लिहून होतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये पोरगा स्वच्छ म्हणालेला असतो, ‘ए भाऊ, किधर?’ पहिलं वाक्य कुणीही म्हणेल. दुसरं म्हणणारा कोण, किती वर्षांचा, समोरच्याला किती ओळखतो, हे तीन शब्दांत कळतं. म्हणून जसं बोलला तसंच लिहायचं.

लिहून ठेवायची घाई एवढ्यासाठी, की नाट्यगृहात प्रयोग लावायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. २०१६मध्ये अमोल पालेकरांनी या पूर्वपरिनिरीक्षणाच्या नियमांनाच न्यायालयात आव्हान दिलं. मोठ्यांच्या त्या भांडणात आमच्यासारख्यांचा प्रश्न कुणाच्या ध्यानात येणार? ज्यांची वाक्यं रोज बदलतात त्यांनी कुठल्या दिवशीचं नाटक पाठवायचं?

आजच्या पानावर राक्षस आला आहे. नाटकात राक्षस हवा, हे पोरांनी एकमताने ठरवलं. तो कोण करणार यावर मात्र तीन तालमी भांडण चाललंय.

८:४५

एका मुलीच्या घरी जाते. अकरावीला आहे, आवाज असा की हॉलच्या शेवटच्या खिडकीपर्यंत जातो आणि त्यासाठी तिला ओरडावं लागत नाही. दोन दिवस आली नव्हती. अशा वेळी फोन करून उपयोग नसतो. फोनवर ‘बरं नाही तिला’ एवढंच कळतं. उंबऱ्याशी चप्पल काढून आत बसलं की खरं कारण बाहेर येतं.

आई बांगड्यांना खडे चिकटवत बसलेली. डझनावर पैसे मिळतात, त्यामुळे बोलताना हात थांबत नाहीत. मी खाली बसते आणि न विचारता एक डझन पुढे ओढते. 

‘नाटक वाईट असं मी म्हणत नाही, ताई. पण नऊ वाजता घरी येते. ह्यांची रिक्षा नाक्यावर लागते, तिथे चार जण चार गोष्टी बोलतात.’

‘बरोबर आहे वहिनी.’

‘मुलगे किती आणि मुली किती?’

सांगते.

‘पैसे घेता का?’

‘नाही.’

‘मग देता का?’

‘तेही नाही.’

‘सर्टिफिकेट?’

ते देतो. तिचा चेहरा जरा सैल होतो. प्रमाणपत्राने पुढे काय होणार, असं मला कुणी विचारलं तर मी गप्प बसेन. पण घराच्या भिंतीवर लॅमिनेशन करून लावलेला कागद हा शेजाऱ्यांना दाखवायचा पुरावा असतो, हे मला आता समजतं. मुलगी एवढा वेळ मोरीत भांडी घासत होती, तिचा आवाज बंद झाला आहे. ऐकते आहे.

‘काय काम दिलंय तिला?’

‘आजीचं.’

‘आजीचं चालेल,’ आई म्हणते.

शेवटी सव्वाआठला सोडायचं ठरतं, आणि सोडताना त्याच गल्लीतल्या दोघी बरोबर असतील हेही. परत येताना मी मनात प्रसंगांची उलथापालथ करत असते. हिची सगळी कामं नाटकाच्या पहिल्या भागात घ्यावी लागणार. जो मुलगा साडेसातला ड्यूटीवरून सुटतो त्याची दुसऱ्या भागात. समीक्षक नाटकाच्या रचनेबद्दल लिहितात, तेव्हा मला नेहमी वाटतं, यांनी एकदा आमचा हजेरीपट बघावा. आमच्या नाटकांमध्ये कोण कधी रंगमंचावरून जातो, यामागे बहुतेक वेळा कुणाची तरी आई असते.

११:३०

काचेची इमारत. लिफ्टला कार्ड लागतं. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. १९६२ साली महामंडळ स्थापन झालं आणि इथे कारखाने उभे राहिले. आमच्या पोरांचे आजोबा त्या कारखान्यांसाठी रत्नागिरीहून, साताऱ्याहून, जळगावहून, काही थेट जौनपूरहून आले आणि डोंगराला चिकटून राहिले. बरेचसे कारखाने गेले, त्यांच्या जागी या इमारती आल्या. कार्ड मागणारा सिक्युरिटीवाला आमच्याच एकाचा काका निघतो, त्यामुळे कार्डाशिवाय काम होतं.

समोरचा तरुण अधिकारी सभ्य आहे. कंपनीच्या सामाजिक निधीतून पथनाट्य करून हवंय. विषय प्लास्टिक. दहा मिनिटं, स्टेशनच्या बाहेर, मुलांना टी-शर्ट कंपनी देईल, शेवटी सगळ्यांनी एका सुरात घोषणा द्यायची. घोषणा त्यांच्याकडे तयार आहे.

मी गेली कित्येक वर्षं हे बघते आहे. चांगल्या वस्तीतल्या सुट्टीच्या शिबिरात मुलांना परी मिळते, चेटकीण मिळते, जंगल मिळतं. आमच्या पोरांच्या वाट्याला व्यसनमुक्ती, ओला कचरा-सुका कचरा आणि मुलगी वाचवा. जणू गरीब घरातल्या मुलाने रंगमंचावर पाय ठेवला की त्याने समाज सुधारूनच खाली उतरायचं. कल्पनेवर त्याचा हक्क नाही. १९८६मध्ये मोहन आगाशे यांनी बर्लिनचं ग्रिप्स थिएटर पुण्यात आणलं आणि श्रीरंग गोडबोले यांनी ‘छान छोटे वाईट मोठे’ मराठीत केलं, त्यातही मुलांचे खरे प्रश्न होते. पण ते मुलांच्या बाजूने, खोड्या काढत मांडलेले. मोठ्यांनी लिहून दिलेलं घोषवाक्य म्हणायला लावून नव्हे.

आणि पथनाट्य? ते करताना माणसं मेली आहेत. १ जानेवारी १९८९ला साहिबाबादमध्ये ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू असताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि ४ जानेवारीला मलयश्री हाश्मी व जन नाट्य मंचाचे कलाकार त्याच जागी परत गेले आणि अर्धं राहिलेलं नाटक पूर्ण केलं. त्या प्रकाराला आता टी-शर्ट आणि घोषणा चिकटल्या आहेत.

हे सगळं मी त्या अधिकाऱ्याला सांगत नाही. त्याची चूक नाही, त्याला वर अहवाल द्यायचा आहे. आम्हाला चार स्पॉट आणि एक डिमर भाड्याने घ्यायचा आहे. मी दोन अटी घालते: दहा मिनिटांत काय घडेल ते मुलं ठरवतील, आणि घोषणा म्हणायच्या नाहीत, हव्या तर फलकावर लिहा. तो ‘विचारून सांगतो’ म्हणतो. याचा अर्थ हो असतो, पण पंधरा दिवसांनी.

२:००

जेवण, आणि मुखवटा. कागदाचा लगदा, मैद्याची खळ, खाली फुगा. ऐन पावसाळ्यात असं काही वाळत नाही. राक्षसाचं डोकं तीन दिवस ओलं आहे आणि त्याला आता आंबूस वास येतो. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात, कोळशाच्या इस्त्रीपासून हातभर अंतरावर, त्याला ठेवून येते. इस्त्रीवाला विचारतो, ‘गणपतीचं काम घेतलं का यंदा?’

४:१५

शाळा सुटली की शिपाईमामा किल्ली देतात. बाकं भिंतीला लावायची, ओली फरशी पुसायची. तोवर लहान गट येऊन पोचलेला असतो, दहा ते तेरा वयाचा. यांच्याबरोबर मोठ्या गटातले दोघं काम करतात, मी फक्त कोपऱ्यात बसते.

यांना सगळ्यांना चिंची चेटकीण माहीत आहे. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८मध्ये नव्याने आलं आणि वैभव मांगले यांची चेटकीण घराघरांत पोचली. त्यांच्या आधी ती दिलीप प्रभावळकरांनी केली होती. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये मुलांसाठी ‘लिटिल थिएटर’ सुरू केलं ते मतकरींच्याच ‘मधुमंजिरी’ने. आयुष्यभर राक्षस, चेटकिणी आणि गूढकथा लिहिणाऱ्या या माणसाने उतारवयात ठाण्यातल्या लोकवस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ ही कल्पना मांडली आणि ती उभी राहीपर्यंत तिच्यात लक्ष घातलं. २०२०च्या मे महिन्यात ते गेले. वस्तीतली मुलं स्वतःचं नाटक स्वतः रचू शकतात, यावर ठाण्यात आज कुणी भुवया उंचावत नाही, त्यात त्यांचा वाटा आहे.

लहान गटात आज दोन भांडणं, एक ढोपर फुटणं आणि एक उत्तम माकड.

६:००

म्हणजे साडेसहा. याला मी वक्तशीरपणाचा अभाव म्हणत नाही. सहा ते साडेसहा पाणी येतं, आणि ज्या घरी हंडे भरायला दुसरं कुणी नाही तिथलं पोरगं त्याआधी निघू शकत नाही. क्लासवाले येतात, मग मॉलमधून सुटलेली एक, मग पाठीवर डिलिव्हरीची चौकोनी बॅग घेऊन एकोणीस वर्षांचा एक जण. तो तालमीपुरतं अॅप बंद ठेवतो. त्या वेळात किती ऑर्डरी गेल्या, ते त्याला नंतर दिसतं. मला तो सांगत नाही.

आधी गोल. एकमेकांकडे बघत उभं राहायचं, कुणी हसलं की त्याने मध्ये येऊन काहीतरी करायचं. मग आरसा: दोघांनी समोरासमोर, एकाने हळू हालचाल करायची, दुसऱ्याने प्रतिबिंब व्हायचं. मग अगम्य भाषेत भांडण, ज्याला आमची पोरं ‘अडम-तडम’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक नाट्यशिबिरात हे खेळ असतात आणि बहुतेकांना वाटतं ते कुठल्यातरी नाट्यशाळेतून आले. खरं तर यांच्यामागे व्हायोला स्पोलिन ही बाई आहे. १९२०च्या दशकात शिकागोत नेव्हा बॉइड यांच्याकडे ती मुलांचे खेळ शिकली, पुढे सरकारी मनोरंजन प्रकल्पात तिने स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर नाटक केलं. त्या मुलांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, म्हणून तिने असे खेळ रचले की अभिनय शिकवावा न लागता तो घडावा. १९६३मध्ये तिचं पुस्तक आलं. म्हणजे हे खेळ मुळात वस्तीतल्याच पोरांसाठी होते. मराठी, भोजपुरी आणि तेलुगू घरांतून आलेल्या आमच्या गोलात ते जितके चपखल बसतात तितके कुठल्या महाविद्यालयाच्या सभागृहात बसत नसतील.

एक खेळ मात्र मी सोडून दिला: मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. विश्वास वाढवण्यासाठी असतो तो. गुरुपौर्णिमा झाली की इथे प्रत्येक मैदानात गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो, आणि आमच्यातले निम्मे तिकडूनच येतात, खांद्यांवर लाल वळ घेऊन. त्यांना विश्वास मी काय शिकवणार? उलट चढणाऱ्याचा पाय मानेजवळ हवा, खांद्याच्या टोकाला नको, हे मला त्यांनी शिकवलं. आमच्यातल्या दोघी महिला पथकात खालच्या थराला असतात. त्यांचे पाय जमिनीला असे धरतात की कुठल्याही नटाने हेवा करावा.

मग आवाज. पत्र्यावर पाऊस असला की पोरं ओरडायला लागतात आणि पाचव्या मिनिटाला घसा बसतो. मराठी वाक्याची एक खोड आहे: क्रियापद शेवटी. ‘मी त्याला काल रात्री टाकीवर...’ इथपर्यंत सगळ्यांना ऐकू येतं, आणि ‘पाहिलं’, ‘मारलं’ की ‘सोडलं’ ते पावसात जातं, कारण तोवर श्वास संपलेला असतो. म्हणून रोज एकच काम: लांब वाक्य घ्यायचं आणि शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच भरीव म्हणायचा. पोट आत-बाहेर, खांदे स्थिर. कंटाळवाणं आहे. याला पर्याय नाही. संदेश देणाऱ्या नाटकांवर माझा खरा राग इथे आहे. संदेश चांगला असला की न ऐकू येणारं नाटकही लोक टाळ्या वाजवून सोडून देतात, आणि पोरांना वाटतं जमलं. राक्षस असा सुटत नाही. तो ऐकू आला नाही तर कुणी घाबरत नाही आणि कुणी हसतही नाही.

७:००

राक्षसाचा प्रसंग.

गोष्ट पोरांनी अशी रचली आहे: वस्तीत राक्षस येतो, सगळ्यांना खाईन म्हणतो. पण दहा बाय बाराच्या खोलीत त्याला उभंच राहता येत नाही. आजी म्हणते, ‘आलाच आहेस तर माळ्यावरची ट्रंक काढ.’ शेजारीण म्हणते, पत्र्यावरचा दगड सरकलाय तो नीट ठेव. कुणी केबल धरायला लावतं, कुणी टाकीत उतरवतं. उंच माणसाची एवढी कामं साठलेली असतात की राक्षसाला कुणाला खायला वेळच मिळत नाही आणि शेवटी तो पळून जातो.

मागच्या आठवड्यात एक पाहुणे आले होते, नाटकातले जाणकार. त्यांनी विचारलं, ‘हा राक्षस म्हणजे बिल्डर का?’ पोरं गोंधळली. मग एक म्हणाला, ‘नाही सर, राक्षस आहे तो.’ मला त्या उत्तरावर काही जोडायचं नव्हतं.

तर कोण करणार? चार मुलगे हटून बसले आहेत. चौघांची तीच पद्धत: दात विचकायचे, हात वर, घोगरा आवाज. सिनेमातला व्हिलन. मी त्यांना विष्णुदास भाव्यांची गोष्ट सांगते. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झालं, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं मराठी नाटकात राक्षस आरोळी ठोकत यायचा. ती आरोळी इतकी गाजली की पुढे शिकलेले लोक त्या नाटकांना हिणवून ‘अललडुर्र’ नाटकं म्हणायला लागले. पोरं खूश. दहा मिनिटं हॉलमध्ये नुसतं अललडुर्र. शिपाईमामा दारातून डोकावून जातात.

आरोळी मिळाली, पण चाल नाही. तेव्हा आतापर्यंत भिंतीला टेकून बसलेला एक मुलगा उठतो. सोळा वर्षांचा, गुहागरकडचा, एरवी प्रकाशयोजनेचं काम मागून घेणारा. ‘ताई, आमच्याकडे शिमग्याला संकासुर असतो.’ काळे कपडे, डोक्यावर निमुळती उंच टोपी, कमरेला घुंगरं, पोरांच्या मागे धावतो. त्याला आम्ही घाबरतो पण तो आमचाच असतो, असं तो सांगतो. दाखव म्हटल्यावर दोन पावलं टाकतो आणि हॉल गप्प होतो. गुडघे बाहेर, कमरेतून झोका, प्रत्येक पावलाला एक उशीर. वजन जमिनीत उतरतं आणि मग वर येतं. कुठून आणलीस ही चाल? ‘काका करायचे.’

आता चाल एकाची, आरोळी दुसऱ्याची, आणि उंची कुणाचीच नाही. डिलिव्हरीवाला म्हणतो, ‘थर लावूया ना.’ चौघे राक्षस लगेच शर्टाच्या बाह्या सरसावतात. पण ज्या दोघी महिला पथकात आहेत त्या आधीच गुडघे वाकवून तयार उभ्या आहेत, आणि वर कोण, हा प्रश्न पडायच्या आत अकरावीतली ती, आजी झालेली, मॅटवरून त्यांच्या खांद्यांवर बसते. मी दोन्ही बाजूंना दोघांना उभं करते, हात वर ठेवून. इस्त्रीवाल्याकडून आलेलं डोकं, अजून जरा दमट, तिच्या हातात देतात. खालून संकासुराची चाल, दोघींच्या चार पायांची, पहिल्यांदा अडखळत, मग झोक्यात. आणि वरून, अजिबात न ओरडता, ‘खा-ई-न’. शेवटचा ‘न’ पावसातूनही ऐकू येतो.

चौघे मुलगे काही बोलत नाहीत. मग त्यातलाच एक म्हणतो, ‘आजी मी करू?’ 

७:४०

लहान गटातल्यांना न्यायला आलेल्या बायका दाराशी उभ्या राहून बघत असतात. पावसामुळे आज जास्त थांबल्या आहेत. आजी झालेला मुलगा रिकामा हंडा उचलतो, राक्षसाला टाकी भरायला सांगतो.

‘रिकामा आहे तो!’ दारातून आवाज येतो.

मुलगा थांबतो. ‘हो, मावशी. नाटकात भरलेला आहे.’

‘मग भरलेला उचल ना. असा उचलतात का?’ आणि ती बाई चप्पल बाहेर काढून सरळ रंगमंचावर येते. पदर खोचते. गुडघ्यात वाकते, हंडा आधी मांडीवर टेकवते, तिथून एका हिसक्यात कमरेवर, आणि कमर दुसऱ्या बाजूला जाते. हंड्यात थेंब नाही, पण चार पावलं टाकताना ती पाणी हिंदकळू नये म्हणून जपते. ‘असं. आणि म्हातारी असेल तर मध्ये एकदा टेकवणार.’ कमरेवरचा हंडा ती एका पायरीवर टेकवून दाखवते. मुलगा तिच्यामागून करतो. दुसऱ्यांदा त्याला पाणी जड लागतं.

ब्राझीलचे आगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी यालाच एक नाट्यप्रकार केलं. प्रेक्षकाने नाटक थांबवायचं, पात्राच्या जागी स्वतः येऊन दाखवायचं की आपण असतो तर काय केलं असतं. बंगालच्या खेड्यांमध्ये ‘जन संस्कृति’ हे काम १९८५पासून करते आहे. बोआल पुढे रिओ दि जानेरोचे नगरसेवक झाले आणि लोकांनी रंगमंचावर सुचवलेल्या गोष्टींमधून कायद्यांचे मसुदे तयार केले. मी या पद्धतीच्या कार्यशाळा केल्या आहेत, प्रेक्षकांना ‘थांबा’ म्हणायला किती विनवण्या कराव्या लागतात ते पाहिलंय. नळावर रोज भांडणाऱ्या बाईला विनवणी लागत नाही, हा एक फरक. दुसरा असा, की बोआलना हवा होता अन्यायावरचा उपाय आणि तिला हवा होता नीट उचललेला हंडा. मला आज दुसरं जास्त मोलाचं वाटतं. त्या मुलाला आता म्हातारीची कमर मिळाली आहे.

बाईला मी विचारते, उद्याही याल का? ‘उद्या माझं डाळ-तांदळाचं आहे,’ म्हणते. म्हणजे रेशन. नातवाचा हात धरून निघून जाते.

८:१५

तिघी निघतात, ठरल्याप्रमाणे. म्हणजे आख्खा राक्षस सव्वाआठला घरी जातो. राक्षस पहिल्या भागातच पळून जायला हवा आणि दुसऱ्या भागात वस्तीने त्याला परत बोलवायला हवं, कारण ट्रंक अजून माळ्यावरच आहे. त्याच्या नुसत्या आठवणीवर दुसरा भाग चालू शकतो. संकासुरवाल्या मुलाला हे आवडतं: बाहेरून फक्त घुंगरांचा आवाज. मी वहीत लिहून घेते. बाकीच्यांबरोबर नुसतं येणं-जाणं बांधतो, कोण कुठल्या विंगेतून, कोण कुणाला झाकतो. यात सांगण्यासारखं काही नाही.

९:१०

बाकं परत. झाडू. फळ्यावर कुणीतरी काढलेला राक्षस पुसायचा, कारण सकाळी सातला इथे वर्ग भरतो. किल्ली मामांच्या घरी. मामा विचारतात, ‘ते ओरडणं कसलं होतं?’ मी सांगते, जुनं नाटक आहे, १८४३चं. ते म्हणतात, ‘सांगलीचं का?’ शाळेच्या शिपायाला हे कसं माहीत, ते मी उद्या विचारणार आहे.

डिलिव्हरीवाला दारात अॅप चालू करतो. पहिल्याच मिनिटाला ऑर्डर पडते आणि तो रेनकोट न घालता निघतो. मी मागून ओरडते, त्याला ऐकू जात नाही. शेवटचा शब्द गेला बहुधा.

१०:५०

जेवण उरकून आजचं रेकॉर्डिंग नाव देऊन ठेवते. ग्रुपवर उद्याचं टाकते: आधी हंड्याचा प्रसंग, मॅट चार लागतील, घुंगरं कोण आणणार. कंपनीच्या अधिकाऱ्याचाही मेसेज आहे, घोषणा फलकावर चालतील, पण फलक कंपनीच्या रंगात हवेत. उत्तर उद्या.

मग अकरावीतल्या मुलीचा, ग्रुपवर नाही, मला एकटीला. ‘ताई आई विचारतेय आजीचं काम किती मोठं आहे. काय सांगू? राक्षस झाले म्हणून सांगू?’

मी थोडा विचार करून लिहिते: ‘सांग. वर तू आहेस आणि खाली दोघी आपल्याच गल्लीतल्या आहेत, हेही सांग. रविवारी आईला बघायला घेऊन ये. आणि उद्या ओढणी नको, ट्रॅक पँट घाल.’